पेवातला चहा

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही आमच्या वेळची रीत. पण आता मला टोकणारं कोणी उरलेलं नाही, तेव्हा एकदाच सांगून टाकते. त्यांचं नाव वर्धमान. सांगलीत नदीकडच्या उतारावर आमचं किराणा दुकान होतं, एका दाराचं. गूळ, तेल, डाळी, काडेपेट्या आणि सुटा चहा. माझं नाव चंदनबाला, माहेर शेजारचंच हरिपूर, जिथं हळद जमिनीत पुरून ठेवतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात माझ्या माहेराचा आणि माझ्या तोंडाळपणाचा वाटा मोठा आहे.

चहा यायचा लाकडी पेटीतून, आत पत्र्याचं पातळ अस्तर असायचं. गिऱ्हाईक यायचं ते एक आणा घेऊन. पौंडभर चहा एकदम नेणारी माणसं आमच्याकडं फिरकत नसत, ती वरच्या पेठेतल्या मोठ्या दुकानात जात. आमच्याकडं हमाल, टांगेवाले, भाजीवाल्या. पौंड घेतला तर स्वस्त पडतो हे त्यांनाही कळत होतं, पण पौंडाचे पैसे एका वेळी कुणाच्या कनवटीला असणार? मग ते रोज एक आण्याची पुडी न्यायचे, आणि महिन्याकाठी सावकारापेक्षा जास्त पैसे घालवून त्याच्यापेक्षा कमी चहा प्यायचे. मला त्याचं वाईट वाटायचं असं नाही. आमचं पोट त्या पुड्यांवरच चाललं होतं.

पुड्या मी बांधायची. दुपारची जेवणं झाली की जुनी वर्तमानपत्रं फाडायची आणि पौंडाच्या सोळा पुड्या करायच्या. तराजू लागत नसे, चिमटीला सवय झाली होती. मात्र आमच्या घरात चहा प्यायची पद्धत नव्हती. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे, कांदा-लसूण वर्ज्य असलेले. सासूबाई तर चहाला ‘गोऱ्यांचा काढा’ म्हणायच्या. त्या गेल्या, पण काढा काही घरात आला नाही. इतकी वर्षं चहा विकून आम्हा दोघांपैकी एकानंही तो जिभेला लावला नव्हता.

लढाई सुरू झाली तेव्हा पौंड आम्हाला नऊ आण्यांना पडायचा. बेचाळीस सालच्या शिमग्यापर्यंत तो चौदा आण्यांवर गेला. पेटी मागवावी तर गाडी वेळेवर नाही, माल लष्कराकडं वळलेला. घरात दोन लेकरं आणि आम्ही दोघं. मी काय केलं, कुणाला न विचारता सोळाच्या वीस पुड्या करायला लागले. कागद तेवढाच, घड्या तेवढ्याच, आतली चिमूट मात्र लहान. मला वाटलं होतं कुणाच्या लक्षात येणार नाही. आणि आठ-दहा दिवस नाहीच आलं, किंवा आलं असेल तर कुणी बोललं नाही.

बोलला तो कोंडीबा. हळदीच्या बाजारातला हमाल, मूळचा पलूसकडचा, अंगानं दांडगा, बोलायला कमी. सकाळी भाकरी मिळो न मिळो, काळ्या चहावर अर्धा दिवस पोती उचलायचा. त्या दिवशी त्यानं पुडी घेतली आणि तिथंच दुकानाच्या फळीवर उलगडली. चहा तळहातावर घेतला आणि ह्यांच्यासमोर हात धरला. मी आतल्या पडद्यामागं होते.

“शेठ, भाव वाढला तर वाढला म्हणा,” तो म्हणाला. “दोन आणे म्हणा. आमी देऊ, न्हाई तर चहा सोडू. पर गपचिप कमी नगा करू. आमी मोजीत न्हाई म्हनून आमाला कळत न्हाई आसं न्हाई.”

ह्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी मागं वळून पडद्याकडं पाहिलं आणि मग पेटीत हात घालून कोंडीबाच्या तळहातावर वरची चिमूट टाकली. दिवसभर माझ्याशी एक शब्द नाही. हे चिडले असते तर मी दोन शब्द ऐकवून मोकळी झाले असते. पण न बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

त्या चैत्रात गावात मुनिमहाराज आले होते. महावीर जयंतीला बस्तीत, म्हणजे आमच्या जैन देवळात, लोक त्यांच्यापुढं नेम घ्यायला उभे राहिले. कुणी बटाटा सोडला, कुणी वर्षभर तूप. एका पेढीवाल्यानं महिनाभर पान सोडलं आणि पिंपळाखाली उभं राहून चारचौघांना चार वेळा सांगितलं. आमचे हे उठले आणि हात जोडून म्हणाले, लढाई संपेपर्यंत माझ्या दुकानात चहाची पुडी एक आण्याचीच राहील, आणि पौंडाच्या सोळाच होतील. महाराजांनी दोनदा विचारलं, झेपेल का. दोन्ही वेळा हे हो म्हणाले. मी बायकांच्या बाजूला बसले होते.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. लढाई संपली की तुम्हाला कुणी पत्र लिहून कळवणार आहे का, म्हटलं. उद्या पौंड दोन रुपये झाला तर लेकरांना काय नेम खायला घालायचा? दूध सोडायचं, गोड सोडायचं, हजार गोष्टी होत्या सोडायला.

“तू चार पुड्या चोरल्यास त्या माझ्या नावावर चोरल्यास,” ते म्हणाले. “मग फेडायच्या कुणी?”

दुसऱ्या दिवशी मी माझ्या पाटल्या काढून त्यांच्यापुढं ठेवल्या. भाव चौदा आण्यांवर आहे तोवर माल भरून ठेवायचा, म्हणजे नेम चालेल आणि घरही, असा विचार आम्ही दोघांनी मिळून केला. चार पेट्या आल्या. माल बरा आहे ना हे बघायला ह्यांनी चारही पेट्यांचं अस्तर उचकटलं, हात घालून पाहिलं आणि झाकणं परत खिळ्यांनी ठोकून टाकली.

आता ठेवायचं कुठं? आमच्या बोळात दर श्रावणात कृष्णेचं पाणी यायचं. आदल्या वर्षी गुळाच्या ढेपा पाघळून वाहून गेल्या होत्या, भिंती आश्विनापर्यंत ओल्या. एक पेटी माळ्यावर मावली. बाकीच्या तीन पेट्यांसाठी तोडगा मी काढला, आणि तो काढताना मला केवढा अभिमान वाटला ते काय सांगू. हरिपूरला माझा धाकटा भाऊ आदगोंडा हळदीचा धंदा बघायचा. त्याचं पेव होतं. पेव म्हणजे जमिनीतला खोल खड्डा, वर तोंड लहान, आत पोट मोठं. हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. वर पूर येवो नाहीतर ऊन तापो, आत थेंब जात नाही, कीड लागत नाही. पाच-पाच वर्षं हळद राहते, उलट रंग चढतो. आमच्याकडं मुलगी सासरी निघाली की सुद्धा म्हणतात, पेवात ठेवल्यासारखी राहा. मग चहाला काय धाड भरलीय, असं मी म्हटलं.

ह्यांनी एकदा विचारलं, हळदीच्या शेजारी चहा चालेल ना गं? मी म्हटलं, पेवाची माती मला शिकवू नका, मी त्यात वाढलेय. आदगोंडा तर माझ्याहून पुढं. “दाजी, सोनं ठिवलं तरी आमच्या पेवात वाढंल,” म्हणाला. तिन्ही पेट्या वैशाखात हळदीच्या राशीवर उतरवल्या आणि तोंड लिंपलं.

त्यानंतरचे पाच महिने आमचे सुखाचे गेले. पावसाळ्यात पौंड सव्वा रुपयावर गेला. दुसऱ्या दुकानांत पुडी दोन आण्यांची झाली, कुठं एक आण्याचीच राहिली ती नखाएवढी. आमच्याकडं मात्र माळ्यावरच्या पेटीतून सोळातली पुडी, एक आणा. माणशी एकच द्यायची असं ठरवलं तरी सकाळी रांग लागायची. बाजारातून जाताना लोक ह्यांना रामराम घालायचे. मला ह्या नेमाचं कौतुक नव्हतं म्हणता म्हणता मीही फुगले. शेजारणींना सांगायची, आमच्याकडं लबाडी चालत नाही. चार पुड्या कापणारी ती दुसरी कोणी असावी असं मलाच वाटायला लागलं होतं.

दसरा झाला, माळ्यावरची पेटी तळाला लागली, तेव्हा पेव उघडायला आम्ही हरिपूरला गेलो. पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत, आतली हवा मारते. तोंड मोकळं करून ठेवतात आणि मग कंदील सोडून बघतात. ज्योत विझली तर थांबायचं. आदगोंडाची माणसं दुपारी उतरली आणि पेट्या वर आल्या, कोरड्या ठणठणीत. कुठं बुरशी नाही. मी झाकण काढून चहात हात घातला, ओंजळ नाकाला लावली. मला तर माहेर भेटल्यासारखं वाटलं. हे म्हणाले, वास जरा वेगळा आहे का? मी म्हटलं, वेगळा कसला, झकास आहे.

तीन दिवस आम्ही तो चहा विकला. पन्नाससाठ घरांत गेला असेल. चौथ्या दिवशी सकाळी रांग नव्हती. कोंडीबा एकटा आला आणि फळीला टेकून उभा राहिला. वाईट बातमी सांगायला आलेला माणूस उभा राहतो तसा.

त्यानं हळूच सांगितलं, चहाला हळद लागतेय, आणि घोट गिळल्यावर मातीचा, कोंडलेल्या घराचा वास येतो. घरच्या बाईनं भांडं खराब असेल म्हणून घासून दोनदा केला, तरी तेच. बाकीची माणसं भिडेपोटी बोलायला आली नाहीत, शेठनं मुद्दाम केलं असं कुणी म्हणत नाही. हे उठले, आत आले, मला चूल पेटवायला सांगितली. आमच्या घरात पहिल्यांदा चहा झाला तो त्या दिवशी. किती पाणी, किती चहा, हे कोंडीबानं दारातून सांगितलं. ह्यांनी एक घोट घेतला, तोंडात धरला, पुन्हा एक घेतला.

“खरा चहा असा लागत नाही?” ह्यांनी विचारलं.

कोंडीबानं त्यांच्या हातातली वाटी बघितली. “तुमी कवा प्यालाच न्हाई व्हय?”

हे नाही म्हणाले. ज्या माणसावर कोंडीबानं विश्वास टाकला होता त्या माणसाला स्वतःच्या मालाची चवच ठाऊक नव्हती, हे त्याला माझ्या डोळ्यांदेखत कळलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. चहा भोवतालचा वास ओढून घेतो हे चहा पिणाऱ्या घरातलं शेंबडं पोरही सांगतं. आम्हाला ते कुणी सांगितलं नाही, कारण आम्ही विचारण्याइतकेही तो प्यायलो नव्हतो. आणि ज्या नाकानं तो वास ओळखायचा ते माझं नाक त्याच वासात वाढलेलं.

हे घरोघर गेले. ज्यांनी पुडी नेली त्या प्रत्येकाला आणा परत दिला, चहा पिऊन संपवलेल्यांनाही. काहींनी दोन पुड्या नेल्या असं खोटंच सांगितलं, त्यांनाही दोन आणे दिले. मग मला म्हणाले, तिन्ही पेट्या आदगोंडाकडं पाठव आणि त्याच्या उकिरड्यात ओतायला सांग. माणसाच्या पोटात जाता कामा नये.

पेट्या मी पाठवल्या. त्याच आठवड्यात, त्या उकिरड्यात ओतायच्या आतच, साताऱ्याचे नानासो हळद घ्यायला आदगोंडाकडं आले होते. साताऱ्यात त्यांचं तीन दारांचं किराणा दुकान, आमच्यासारखी दहा दुकानं विकत घेईल असा माणूस. आदगोंडानं त्यांना सगळी कथा सांगितली आणि ते हसत हसत मला भेटायलाच आले, हे वसुलीला बाहेर गेलेले बघून. चहाच्या भुकटीत हा चारास एक मिसळला की कुणाच्या बापाला कळत नाही, म्हणाले. वर गोड बोलले, बाई, अन्न मातीत घालणं हेही पापच की. मी दोन लेकरांकडं बघितलं. पाटल्या गेलेल्या हाताकडं बघितलं. तीस रुपयांना दिल्या तिन्ही पेट्या. ह्यांना सांगितलं, उकिरड्यात गेल्या, आणि हे तीस रुपये आदगोंडानं घरखर्चाला दिलेत. त्यांनी आदगोंडाला दुवा दिला.

त्यानंतर दुकान टिकायचं काही कारणच उरलं नाही. पौंड दीड रुपयावर गेला होता. एक आण्याला सोळातली पुडी द्यायची तर पुडीमागं पदरचं घालावं लागणार, आणि पदरात काही नव्हतं. हे चहाच ठेवीनासे झाले. जिथं चहा तिथं मीठमिरची, तेल आणि काडेपेटी, लोक एकाच ठिकाणी घेतात. कोंडीबा काही दिवस नुसतं मीठ न्यायला यायचा, पण तेवढ्यावर दुकान चालतं होय? कुणी म्हणालं, शेठ, दोन आणे लावा, आमची ना नाही. हे ऐकेनात. पौष संपायच्या आत फळ्या लागल्या.

नानासोंनी आदगोंडाकडून निरोप धाडला, गल्ल्याशेजारी बसवायला सरळ माणूस पाहिजे, दाजींना पाठवा. महिना अठरा रुपये आणि दुपारचं जेवण. मला तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. नानासोंच्या कोठारात काय आहे ते मला ठाऊक होतं. पण घरात ज्वारीचं मडकं रिकामं होतं, आणि मी उलट ह्यांच्याच मागं लागले. हे विचारत होते, तिथं चहा विकावा लागला तर नेमाचं काय? मी वकिलासारखी बोलले. दुकान तुमचं नाही, भाव तुमचा नाही, माल तुमचा नाही. तुम्ही नोकर, मग नेम मोडतो कुठं? फाल्गुनात हे साताऱ्याला गेले.

पत्रं यायची ती चार ओळींची. तब्येत ठीक. लेकरांना जपणे. पैसे पाठवले आहेत. वैशाखात चार दिवसांची सुटी काढून आले तेव्हा जरा भरलेले दिसत होते, मला बरं वाटलं. सकाळी म्हटलं, बस्तीत जाऊन येऊ या. नको म्हणाले, दमलोय.

दुपारी त्यांनी पिशवीतून एक पुडी काढली आणि मला चहा कर म्हणाले. साताऱ्याला सवय लागली, म्हणाले, नानासो प्रत्येक माल चाखायला लावतात, जीभ तयार झाल्याशिवाय विकता येत नाही. पाणी किती वेळ उकळायचं, झाकण कधी ठेवायचं, सगळं त्यांनीच सांगितलं. ओसरीवर बसून बशीत ओतून प्याले. मीही घोटभर घेतला, माझ्या आयुष्यातला पहिला. कडू लागला.

“कोठारात तीन पेट्या होत्या,” ते म्हणाले. “खिळे माझेच ठोकलेले. उघडल्याबरोबर हळदीचा वास आला.”

मी पदर तोंडाला लावला. सहा महिने मी ह्या घटकेची भीती बाळगून होते. काय काय म्हणायचं ते पाठ केलं होतं, लेकरं, ज्वारी, पाटल्या. पाया पडायचं ठरवलं होतं. ह्यांनी मला घराबाहेर काढलं असतं तरी मी निमूट गेले असते.

“किती दिलं त्यानं तुला?”

“तीस.”

त्यांनी बशी खाली ठेवली. “फसलीस गं,” म्हणाले. “तीस त्यानं एका पेटीत काढलं. मी आसतो तर साठाच्या खाली सोडला नसता.”

मला वाटलं टोचून बोलताहेत. मी तोंडाकडं बघितलं. तिथं राग नव्हता, थट्टा नव्हती. मोठ्या दुकानातला जाणता नोकर घरच्या अडाणी बाईला व्यवहार समजावून सांगत होता. मग त्यांनी आणखी सांगितलं, मी न विचारता. त्या पेट्या खपवायचं काम नानासोंनी त्यांच्याकडंच दिलं होतं. दुकानाच्या खालच्या दारात, हमाल, शेतमजूर येतात तिथं, दोन आण्यांची पुडी. “नानासो पौंडाच्या बावीस करा म्हणत हुते. मी चोवीस बसवून दाखवल्या. कागुद जाड घेतला की कळत न्हाई.”

हे सांगताना त्यांना बरं वाटत होतं. धन्यानं पाठ थोपटली होती, दोन रुपये पगार वाढवला होता. ज्या माणसानं माझ्या चार पुड्यांसाठी सगळ्या बस्तीसमोर हात जोडले, तो माणूस मी स्वतःच्या हातानं साताऱ्याला पाठवला होता. तो परत आलाच नाही. मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं, बोला, ओरडा, मला चोर म्हणा, असं म्हणावंसं वाटलं. पण म्हणायचं कुणाला? मी नुसतं बरं म्हटलं.

लेकरांना मिठाई आणली होती ती त्यांनी वाटली. आणखी दोन दिवस राहिले आणि सोमवारच्या मोटारीनं कामावर गेले.